फुंकरीवर चढलेला चुडा

बाई दुकानात येऊन गादीवर बसते आणि हात पुढे करते, तेव्हा मी तिचा हात बघत नाही. नाक बघते. नाकपुड्या फुगल्यात का, खांदे कानापाशी गेलेत का, गळ्याच्या खळगीत धकधक दिसते का, ते बघते. हाताचं माप तर मला त्याआधीच कळलेलं असतं, ती दाराशी चपला काढते तेव्हाच. सव्वादोन, दोन-सहा, अडीच. हिंगणघाटात अठरा-एकोणीस वर्षं बायकांना बांगड्या भरून नजर अशी बिघडली आहे की लग्नाच्या पंगतीत बसले तरी समोरच्या ओळीतली मापं लावत बसते, आणि वाढणारी बाई "काकू, भात!" म्हणून दोनदा ओरडते.

धंद्यातले अनुभव लिहायचे ठरले तेव्हा आमचे हे म्हणाले, "लिहाले काय हाय त्याच्यात? हात धरला, बांगडी घातली. झालं."

हे गृहस्थ माझ्याआधीपासून या दुकानात बसतात. तरीही त्यांच्या हातून बांगड्या फुटतात. खरं तर आमच्या धंद्यात 'फुटली' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'वाढली' म्हणतात. तर यांच्या हातून बांगड्या फार वाढतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बांगडी भरणं म्हणजे ढकलणं. तसं नाही. काच ताणली जात नाही. हात मात्र आखडतो आणि सैलावतो. अंगठा तळहातात मुडपायचा, करंगळीची बाजू आत दाबायची, म्हणजे हात निमुळता होतो. मग बांगडी सरसर येते आणि अंगठ्याच्या बुडाशी जे हाड आहे तिथं अडते. आता नेमक्या या वेळेला बाई काय करते? श्वास कोंडते. सगळ्या कोंडतात; शेतात राबणारी कोंडते आणि प्राध्यापिकाही कोंडते. श्वास कोंडला की हाताचं लाकूड होतं. सोडला की लोणी. आमची सगळी कला एवढीच, की बांगडी त्या सोडण्यावर सरकवायची. कोणी साबण लावतात, कोणी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवतात. चढवोत बापडे.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. माझे वडील जातीनं कासार, पण पेशानं शाळामास्तर. आमच्या घरी बांगड्या होत्या त्या फक्त आईच्या हातात. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन इथं आले आणि पहिल्याच आठवड्यात एका बाईच्या हातात डझनातल्या नऊ वाढवल्या. बाई रडवेली, मी तिच्याहून रडवेली. सासूबाई बशीत चहा ओतून फुंकत बसल्या होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तू काऊन दम कोंडून बसली वं?"

"मी? कोंडला तो त्यांनी."

"तू कोंडतं म्हणून थे कोंडते. हे पाह्य." त्यांनी बशी उचलून माझ्या नाकाखाली धरली आणि एक लांब, शांत फुंकर घातली. चहावरची साय थरथरली, पण एक थेंब उडाला नाही. "चहा थंड कराले जेवढी लागते तेवढी. जोरात नाई, अर्धवट नाई. तू फुंक. गिऱ्हाईक आपोआप फुंकते."

शिकवणी संपली. त्यांनी चहा पिऊन टाकला.

पण बाई, काय खरं बोलल्या! श्वास जांभईसारखा असतो. एकीचा बघून दुसरीला लागतो. मी फुंकू लागले तशा गिऱ्हाइकणी फुंकू लागल्या, आणि बांगड्या चढू लागल्या. हळूहळू मी थेट सांगायलाच लागले, "ताई, गरम चहा हाय समजा. फुंका." दुकानात एका वेळी चार बायका न दिसणारा चहा फुंकताहेत, हे दृश्य रस्त्यावरून जाणाऱ्यांना गमतीचं वाटे. आमच्या दुकानाला 'फुंकणाऱ्या काकूंचं दुकान' असं नाव पडलं. पाटीवर वेगळं आहे, पण पाटी कोण वाचतं?

मग मला चटक लागली. जे गिऱ्हाइकाच्या हातावर चालतं ते माझ्या डोक्यावर चालेल का, हे मी बघू लागले. रागासाठी मी तोंड मिटून गुणगुणायचं ठरवलं. नाकातून श्वास आत, आणि बाहेर सोडताना 'म्' असा लांबच लांब सूर, टाळू झणझणेपर्यंत. एका साहेबांच्या बाईंनी एकदा माझ्याकडून फळीवरचे झाडून सगळे डबे खाली काढवले आणि शेवटी म्हणाल्या, "हा हिरवा जरा जास्तच हिरवा आहे हो."

मी गुणगुणायला लागले.

"कोणतं गाणं?" बाईंनी विचारलं.

"जुनं आहे," मी म्हटलं.

"छान आहे. सगळं म्हणा ना."

सगळं म्हटलं. सहा-सात सूर झाले तेव्हा माझ्या डोक्यातून बाईंच्या अंगावर डबा फेकण्याचा विचार गेला होता आणि बाई पहिला डबा परत मागत होत्या. आमच्या ह्यांना मात्र हे गाणं पक्कं ठाऊक आहे. मी गुणगुणू लागले की त्यांना अचानक बाहेर काम निघतं.

दुपारची सुस्ती हा निराळा शत्रू. मे महिना, लग्नसराई, विदर्भातलं ऊन, पोटात वरण-भात, आणि समोर हातांची रांग. त्यासाठी सशासारखं नाक: दहा वेळा भराभर हुंगल्यासारखा श्वास आणि मग एक लांब सोडायचा. डोळे टक्क उघडतात. एकदा मी असं हुंगत असताना समोरची बाई ताडकन उठली, थेट मागं आमच्या स्वयंपाकघरात घुसली आणि गॅसचं बटन तपासून आली. "मले त काई वास नाई येत, काकू," ती म्हणाली, आणि जाईपर्यंत स्वतःही हुंगत राहिली. गिरडच्या जत्रेला बांगड्यांची पेटी घेऊन टेकडी चढताना आणखी वेगळं: दोन पावलांना आत, तीन पावलांना बाहेर. बाकीचे दुकानदार वर पोचून पेट्यांवर आडवे व्हायचे, तोवर माझी पहिली गिऱ्हाईकण बसलेली असायची.

एक नोकरी करणाऱ्या मॅडम होत्या. दर शनिवारी कचेरी सुटली की येत, दोनच बांगड्या भरून घेत, आणि जाताना चेहरा असा की कोणी तरी इस्त्री फिरवली आहे. काही महिन्यांनी बांगड्या कोपराच्या दिशेनं निघाल्या. मी म्हटलं, "मॅडम, आता जागा उरली नाही."

त्यांनी हातातल्या बांगड्या एकदा मागं-पुढं सरकवून पाहिल्या. मग म्हणाल्या, "मग नुसतं फुंकायला आले तर चालेल का?"

चालेल म्हटलं. आल्या. गादीवर बसून दहा वेळा फुंकायच्या, पाणी प्यायच्या, जायच्या. कचेरीत काय होत होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेजारच्या बाया मात्र विचारत, "ह्या कोणत्या बांगड्या नेते वं, दिसत त नाई!"

पुढे दोन हजारनंतर योगाची लाट आली. शाळेच्या मैदानावर पहाटे शिबिर भरलं. मी पहिल्या रांगेत. पांढऱ्या कपड्यांतल्या गुरुजींनी डोळे मिटून भुंग्यासारखा सूर लावला आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अय्या, हे तर माझं गिऱ्हाईक-गाणं!" शिबिर पाच मिनिटं बंद पडलं. पण गुरुजींनी एक गोष्ट शिकवली ती मी पाळते: चक्कर आली, छाती भरली, तर थांबायचं, दम्याच्या आणि दिवस गेलेल्या बाईला काही करायला लावायचं नाही. त्यांचे हात मी नुसते धीरानं भरते.

इतकी फुशारकी मारल्यावर आता ती गोष्ट सांगायला हवी. ती मी सहसा स्वतः सांगत नाही.

नव्वदीच्या शेवटी शेवटी, एका दुपारी दुकान रिकामं असताना वडनेरकडच्या एक बाई लेकीला घेऊन आल्या. लेक वीस वर्षांची, सुनंदा. उजवा हात पदराखाली. आठ दिवसांवर लग्न होतं, आणि चुडा भरायला मीच यावं अशी त्यांची इच्छा होती.

"पण काकू, एक अडचण हाय. कोणाले सांगू नका." बाईंनी लेकीचा पदर बाजूला केला.

उजवा अंगठा जगाला ठेंगा दाखवावा तसा ताठ उभा होता. सात वर्षांची असताना बैलबंडीवरून पडली, गावातल्या माणसानं हाड बसवलं, ते तसंच वाकडं बसलं. काम सगळं होत होतं. फक्त अंगठा आत वळत नव्हता.

"पाह्यले आले तवा दिसला नाही त्यांना?" मी विचारलं.

"पोह्याचा ट्रे दोन्ही हातानं धरला होता. नाई दिसला. पण चुडा भरताना त्यांच्या बाया समोरच बसते. थे रीतच हाय त्यांची. अंगठा वळला नाई की समजलं साऱ्याले." बाईंनी पदर पुन्हा लेकीच्या हातावर ओढला. "याच्या आधी दोन जागा आल्या अन् अंगठा पाहून गेल्या, काकू. आता हे बी गेली तं?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते आज मला चांगलं कळतं. म्हणायला हवं होतं, की लग्नाआधी सांगून टाका. पण मी तो अंगठा बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट नाचत होती: न वळणाऱ्या अंगठ्यावरून, चार बायांच्या डोळ्यांदेखत, बारा बांगड्या चढवायच्या आणि कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. अख्ख्या जिल्ह्यात हे एकच माणूस करू शकतं, आणि ते माणूस गादीवर बसलेलं होतं.

"माह्यावर सोडा," मी म्हणाले.

मापाच्या निमित्तानं सुनंदा रोज एसटीनं येऊ लागली. युक्ती अशी होती: डाव्या हाताला सव्वादोन, उजव्याला दोन-सहा. रंग एक, नक्षी एक. एका मापाचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. बांगडी आधी तिरपी करून अंगठ्यावरून घ्यायची, आणि लांब फुंकरीच्या शेवटी, हात अगदी मऊ पडतो त्या घटकेला, चारी बोटांच्या हाडांवरून फिरवायची. पहिल्या दिवशी आठ वाढल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अडचण अंगठ्याची नव्हतीच. मी हाताकडे नुसतं बघितलं तरी या मुलीचा श्वास बंद व्हायचा. पार बंद.

"असं होते तवा तुले काय वाटते गं?"

"काईच नाई वाटत. नुसती दम धरून बसते. थे माणूस जाईपर्यंत."

"कोणतं माणूस?"

"कोणतंबी. जे पाहून राह्यलं थे."

सात वर्षांची असल्यापासून ही पोरगी दम धरून बसली होती. मी तिला सांगितलं, की आता जिथं कोणी हाताकडे बघेल, तिथं चहा फुंकायचा. विहिरीवर, दुकानात, एसटीत. हात लपवायचा नाही, आधी फुंकायचं, मग काय वाटतं ते बघायचं. तिसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. पाचव्या दिवशी धावतच दुकानात शिरली.

"काकू! आज कंडक्टरले उजव्या हातानं पैसे देल्ले."

"मंग?"

"त्यानं अंगठा पाह्यला. म्या फुंकलं."

"मंग गं?"

"मंग काय, तिकीट देल्लं त्यानं!" आणि दोघीही पोट धरधरून हसलो. सातव्या दिवशी बाराच्या बारा चढल्या. मी तिच्या पाठीवर थाप मारली, स्वतःच्या मारता येत नव्हती म्हणून.

लग्नाच्या सकाळी वडनेरला पोचले. आतल्या खोलीत नवऱ्याकडच्या पाच-सहा बाया येऊन बसलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढे नवरदेवाची आत्या. समुद्रपूरकडची, धिप्पाड, हाताचं माप दोन-दहा, गालात पानाचा विडा, आणि नजर अशी की गव्हातला खडा घरबसल्या दिसावा. ती सुनंदाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

मी पेटी उघडली आणि नाटक सुरू केलं.

"बायांनो, आज सगळ्यांनी फुंकाचं! ज्या घरच्या बाया संगं फुंकते त्या घरचा चुडा कधी वाढत नाही."

"हे कोठची रीत?" आत्यानं विचारलं.

"हिंगणघाटची," मी म्हणाले. ती रीत मी त्याच क्षणी जन्माला घातली होती.

खोलीभर फुंकरी सुरू झाल्या. कोणाची शिट्टी वाजली, कोणाचं पोर दचकून रडलं, आत्याच्या फुंकरीतून विड्याचा लाल शिंतोडा माझ्या पदरावर आला आणि सगळ्या खिदळल्या. डाव्या हाताच्या बारा सरसर गेल्या. उजवा हात मी माझ्या मांडीवर घेतला, पदराचा थोडा आडोसा केला. फुंक. एक गेली. फुंक. दोन. आत्या टक लावून बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. अकरा गेल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यात मी इतकी खूश क्वचितच झाले असेन.

बारावी हातात घेतली आणि सवयीनं मुलीच्या नाकाकडे बघितलं. श्वास अगदी शांत होता. जरा जास्तच शांत. तिनं हात माझ्या मांडीवरून काढायला सुरुवात केली.

"आत्याबाई, तुम्हाले एक सांगाचं हाय."

मी तिची बोटं पकडली. घट्ट. "चुडा भरताना नवरीनं बोलाचं नसते," मी म्हणाले. दुसरी रीत.

"काकू, दुखते. सोडा." तिनं हात सोडवून घेतला आणि आत्याच्या समोर धरला. "हा अंगठा वळत नाई माह्या. लहानपणी मोडला होता. तुम्हाले सांगितलं नव्हतं. आता सांगून राह्यली."

कुठे तरी 'कट्' आवाज झाला. बारावी बांगडी माझ्याच हातात वाढली होती. मी दम कोंडून बसले होते.

तिच्या आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. आत्यानं विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, सुनंदाचा हात घेतला, अंगठा हळूच वळवून पाहिला.

"कायनं झालं?"

"बंडीवरून पडली होती. सात वर्साची होती."

"दुखते?"

"थंडीत."

"काम?"

"सारं करते. निंदते, भाकर थापते, लिहिते बी."

मग आत्या माझ्याकडे वळली. "तुले ठाऊक होतं, कासारीणबाई?"

माझ्या जिभेबद्दल हिंगणघाटात कोणालाही विचारा. शंभर उत्तरं तयार असतात. त्या वेळी एकच निघालं.

"होतं," मी म्हणाले.

"अन् थे फुंकाची रीत?"

"रीत नाही. मीच काढली."

आत्या उठली आणि बाहेर मांडवात गेली. तिच्यामागे तिच्याकडच्या बायाही गेल्या. खोलीत आम्ही तिघी उरलो आणि मधे ती उघडी पेटी.

"तोंड काऊन उघडलं वं तू?" आईनं हुंदका दिला. "एक बांगडी राह्यली होती! एकच!"

मीही तेच विचारलं, जरा हळू आवाजात. "काऊन सांगितलं गं? जमलं होतं ना."

सुनंदा मांडीवर हात ठेवून बसली होती, अंगठा उघडा. "काकू, तुम्हीच तं शिकवलं. आता दम धरताच येत नाई मले." आणि थोड्या वेळानं, "उद्यापासून त्यांच्या घरी राहाचं हाय. तेथ किती वर्सं धरू?"

बाहेर पुरुषांचे आवाज चढत होते. एक आवाज वारंवार "फसवलं, फसवलं" म्हणत होता. सुनंदा उजव्या हातातल्या अकरा बांगड्या सारख्या करत बसली; वाढलेल्या बारावीचे तुकडे मी वेचत होते.

आत्या परत आली ती दारातूनच बोलत. "भाऊ म्हणे, आपल्याले फसवलं. म्या म्हटलं, लपवलं मायनं, सांगितलं पोरीनं. आपल्या घरी माय येऊन राह्यली का पोरगी?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग विचारलं, "अन् नवरदेव?"

"त्याले बी विचारलं. थो म्हणे मले भूक लागली, लग्न कवा लागते?"

ती पुन्हा गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि माझ्यापुढे तळहात पसरला. "दे एक."

मी पेटीतून दोन-सहाची बांगडी काढून दिली. आत्यानं ती सुनंदाच्या हातावर सरळ, धसमुसळेपणानं, फुंकरबिंकर काही न सांगता दामटली. चढली. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, आणि रागानं नाही, भाव सांगावा तशी म्हणाली: "तुह्या हातात कला हाय, कासारीणबाई. पण आमच्या घरच्या बाईच्या हाताले आता तुहा हात नाई लागणार."

मी पेटी बंद केली. जेवायला थांबले नाही. एसटीत बसून फुंकलं, गुणगुणले, दहादा हुंगलं. शेजारचा माणूस सरकून बसला. श्वास लांब झाला, छातीतली धडधड थांबली. लाज मात्र जागेवरच राहिली, उलट जास्त स्वच्छ दिसू लागली. अंगठा लपवायला त्या आईजवळ कारण होतं. दोन जागा मोडल्याचं भय होतं. माझ्याजवळ काय होतं? मला फक्त माझी कला दाखवायची होती, तीही अशा ठिकाणी जिथं ती कोणाला दिसणार नव्हती.

आत्यानं शब्द पाळला. दहा वर्षं झाली, त्या घरची एकही बाई माझ्याकडे बांगडी भरत नाही. पण सुनंदा दर दिवाळीला माहेरी येताना हिंगणघाटला उतरते आणि माझ्या दुकानात येऊन बसते. हातात दुसरीकडे भरलेल्या बांगड्या. तिकडच्या मेल्या कासारानं उजव्या हातात अडीच घातलेल्या असतात, ढगळ, खुळखुळत्या. बघून माझा जीव जळतो, पण हात लावायची सोय नाही. ती उजवा हात मुद्दाम काचेच्या काउंटरवर ठेवते. दिवाळीची गर्दी असते, आणि कोणी तरी विचारतंच, "ताई, अंगठ्याले काय झालं वं?"

मग ती सगळं सांगते. सुरुवातीपासून. दरवर्षी आत्या थोडी आणखी धिप्पाड होते, माझी पकड आणखी घट्ट होते, विड्याचा शिंतोडा आणखी लांब उडतो. मागच्या वर्षी तर माझ्या हातात एक नाही, तीन बांगड्या वाढल्या. आत्याचा आवाज ती असा काढते की आमचे हे डोळे पुसत आत जातात. मी गोष्टी सांगणारी म्हणून गावात नाव असलेली बाई. पण ही गोष्ट ती माझ्याहून फार चांगली सांगते, आणि मला गप्प राहून गिऱ्हाइकाचा हात धरून बसावं लागतं.

संपली की सगळ्या बाया हसून हसून माझ्याकडे वळतात. कोणी तरी विचारतं, "खरं का वो, काकू? तुम्ही ह्या पोरीचं तोंड दाबलं होतं?"

"तोंड नाई, बोटं," मी म्हणते. "बाकी सारं खरं हाय."